पेट्रोल वाढलंय, तर नक्की काय काय बंद करायचं?

निवांत_सकाळ
नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज विचारूनच टाकते.

पेट्रोल वाढतं हे काही आज कळलं असं नाही, पण यावेळी चांगलंच टोचायला लागलंय. घरात एक कार, एक स्कूटर. नवऱ्याचं ऑफिस लांब, तो कारने जातो, माझं त्यामानाने जवळ म्हणून मी स्कूटरवर. शिवाय मुलांचे क्लास, सासूबाईंचा दवाखाना, किराणा या फेऱ्या आहेतच आणि त्या बहुतेक माझ्याच गळ्यात. स्वयंपाकाचा गॅस पण महागलाय. पगार मात्र आहेत तिथेच आहेत.

तर गेल्या महिन्यात आम्ही बसून (म्हणजे मी बसून, नवरा मान डोलवत होता) एक यादी केली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. वर ठळक अक्षरात ‘चैन’. ऑफिसखालची कॉफी बंद. एक सोडून बाकी सगळे ओटीटी बंद. पार्लर अगदीच गरज पडेल तेव्हा. शनिवारचं बाहेरचं जेवण बंद. माझी दोन मासिकं बंद. धाकटीला पोहायला जायचं होतं ते पुढच्या वर्षी बघू.

महिना संपला, हिशोब काढला तर शिल्लक जवळजवळ पूर्वीइतकीच, आणि घरात मात्र जो तो एकमेकांवर खेकसतोय. धाकटी तर फ्रिज उघडताना दरवेळी त्या कागदाचं एक टोक नखाने उचकटून ठेवते, बोलत काही नाही. मोठा म्हणतो मम्मी, तुझ्या त्या कॉफीवर गाडी किती किलोमीटर जाते गं? मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असे की हे कापलेले पैसे जातात कुठे? आणि अजून काय कापू? आणि व्हॉट्सॲपवर जे रोज ज्ञान येतं की पहाटे पेट्रोल भरा, उतारावर न्यूट्रल करा, प्रीमियम टाका म्हणजे ॲव्हरेज वाढतं, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका नाहीतर उडून जातं, त्यातलं खरं काय? कृपया ‘गाडी विकून टाका’ असं कुणी सांगू नका, ते शक्य नाही.


उगाचच
गाडी विकून टाका.

(पळतोय.)


चाकावर_चाक
गाडीबद्दल मी सांगतो, बाकी घरातल्या भांडणात मी पडत नाही.

आधी व्हॉट्सॲपचं निपटवू. पहाटे पेट्रोल भरणे: थंडीत पेट्रोल आकसतं हे खरंय, पण किती, तर एका अंशाला साधारण ०.१ टक्का. आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलतच नाही, त्यामुळे पहाटेची झोप मोडून हाताला काही लागत नाही. उडून जातं हे पण जुन्या काळातलं, आत्ताच्या गाड्यांची टाकी बंदिस्त असते आणि जी वाफ होते ती कॅनिस्टरमध्ये (कोळसा भरलेला छोटा डबा) धरून परत इंजिनात ओढली जाते. प्रीमियम: तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल इंजिनात वेळेआधी पेटू नये याचं माप) पेट्रोल टाका असं लिहिलं असेल तर टाका, नसेल लिहिलं तर नका टाकू, ऑक्टेन जास्त म्हणून ताकद जास्त असं काही नसतं.

उतारावर न्यूट्रल हे मात्र कृपा करून करू नका आणि नवऱ्यालाही करू देऊ नका. इंजेक्शनवाल्या गाडीत (म्हणजे आत्ताच्या, जिथे पेट्रोल मोजून फवारलं जातं) गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावं लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि जास्त घातलंत, वर इंजिनचा ब्रेक गेला तो गेलाच, मग सगळा भार ब्रेकवर, लांब घाट असला तर ब्रेक तापून लागेनासे होतात.

आता जिथे खरंच वाचतं ते. टायरमधली हवा. कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही. कमी असलेल्या प्रत्येक पीएसआयला (हवेचा दाब मोजायचं एकक) ०.२ टक्के असा ढोबळ हिशोब आहे, ऐकायला काहीच नाही, पण चारही टायर आठ-दहा पीएसआयने बसलेल्या गाड्या मी रोज बघतो आणि मालकाला पत्ता नसतो. हवा टायर थंड असताना बघायची, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तिथला घ्यायचा, टायरवर कोरलेला असतो तो जास्तीत जास्तचा आकडा, तो भरायचा नसतो. स्कूटरचं पण बघा, स्कूटरच्या हवेकडे तर कुणाचंच लक्ष नसतं.

दुसरं म्हणजे उजवा पाय. पुढे सिग्नल लाल दिसतोय तरी रेटत जायचं आणि मग करकचून ब्रेक मारायचा, म्हणजे पेट्रोल जाळून जो वेग कमावला तो ब्रेकच्या पॅडवर घासून टाकायचा. अमेरिकन सरकारचीच आकडेवारी आहे की हायवेला असं चालवल्याने १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये १० ते ४० टक्के ॲव्हरेज पडतं. एवढं पेट्रोलमध्ये टाकायचं कुठलंही ॲडिटिव्ह देत नाही, ती बाटली विकणारा काहीही सांगो. हायवेला वेग: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केले की विरोध दीडपटीच्या वर जातो, आणि पोचायला फरक पडतो थोड्या मिनिटांचा.

तिसरं, उभी गाडी. एसी लावून नुसती उभी असलेली कार तासाला साधारण लिटरभर पिते, इंजिन मोठं असेल तर त्याहून जास्त. क्लासच्या बाहेर मुलांची वाट बघत गाड्यांची रांग घरघरत उभी असते ती बघा कधी. दहा सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेली परवडते. अर्थात चालत्या ट्रॅफिकमध्ये उगाच बंद-चालू करत बसू नका, मागचा हॉर्न वाजवून जीव घेईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तुमच्या बाबतीत मला वाटतं ते म्हणजे छोट्या फेऱ्या. थंड इंजिन सगळ्यात जास्त खातं, ऑइल घट्ट असतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, द्यावं लागतं, आणि गाडी नीट तापेपर्यंत तुम्ही पोचलेल्या असता. सकाळी किराणा, दुपारी क्लास, संध्याकाळी दवाखाना अशा तीन सुट्या फेऱ्या आणि त्याच तीन कामांची एक सलग फेरी यात चांगलाच फरक पडतो, अंतर कमी होतं ते वेगळंच.

एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढतं असं सगळे सांगतात, ते कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना खरं होतं, इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टरने पिकअप मरतो पण ॲव्हरेजला फारसा फरक नाही. बदला जरूर, पण त्या आशेने नको. डिकीतलं सामान उतरवा. छतावर कॅरिअर असेल आणि रोज लागत नसेल तर काढून ठेवा, रिकामं कॅरिअर पण वारा अडवतं.

आणि हे सगळं करायच्या आधी मोजा. पंपावर ऑटो-कट होईपर्यंत (नळ आपोआप बंद होतो तो) भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी परत ऑटो-कटपर्यंत भरा, किलोमीटरला तेवढ्या लिटरने भागा. गाडीच्या स्क्रीनवर दाखवतं त्यावर जाऊ नका, ती स्वतःचं कौतुक करत असते.


हिशोबी_मांजर
+१ वरच्या प्रतिसादाला, विशेषतः मोजण्याबद्दल.

पैसे जातात कुठे यावर माझं मत. एक तर वाचलेला पैसा वेगळा काढला नाही तर तो वाचलेला नसतोच, खात्यात पडून राहतो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या भेटीत जातो. ज्या दिवशी ओटीटी बंद केलं त्याच दिवशी तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायला हवी होती. दुसरं, मी पैज लावते की शनिवारचं बाहेर जेवण बंद झालं आणि त्याच्या जागी एखाद-दोनदा ‘आज कंटाळा आलाय, मागवूया’ झालं असणार. पोचवण्याचे पैसे, पॅकिंगचे पैसे, आणि जेवणाची मजा पण नाही. बघा तपासून.

तिसरं जे आपल्या हातात नाही. पेट्रोल-डिझेल नुसतं आपल्या टाकीत जात नाही, भाजी आणणारा ट्रक, कुरिअरवाला, बस, सगळं त्यावर चालतं, त्यामुळे इंधन वाढलं की काही आठवड्यांनी बाकीचं पण हळूहळू वर सरकतं. तुमची शिल्लक तेवढीच राहिली याचा अर्थ काटछाट फुकट गेली असा नाही, कदाचित ती नसती तर खड्डा पडला असता.

आता एक गंमत सांगते, मला हा विषय आवडतो म्हणून. २०१३ मध्ये जस्टिन हेस्टिंग्ज आणि जेसी शापिरो या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या लोकांच्या पेट्रोल खरेदीचा. पेट्रोल महागलं की लोक प्रीमियम सोडून साध्या पेट्रोलवर येतात, ठीक आहे, पण किती, तर तेवढेच पैसे दुसऱ्या कुठल्या कारणाने कमी झाले असते तर जेवढे आले असते त्याच्या कितीतरी पट जास्त. आणि उलट २००८ च्या शेवटी मंदीने लोकांचं उत्पन्न घटत होतं पण पेट्रोल स्वस्त झालं होतं, तर लोक चक्क प्रीमियमकडे वळले! म्हणजे आपण डोक्यात पेट्रोलचा वेगळा डबा ठेवतो, कॉफीचा वेगळा, आणि एका डब्यात खड्डा पडला की घाबरून भलताच हिशोब करतो. रिचर्ड थेलर यांनी यावरच आयुष्यभर काम केलं, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना.

तुमचं मला उलटं दिसतंय, खड्डा पेट्रोलच्या डब्यात आणि तुम्ही बाकीचे डबे उपसताय. पेट्रोलच्या डब्याला हातच लावला नाहीये. यादीत गाडीची एक तरी ओळ आहे का?

अजून एक, ज्याचं ॲव्हरेज वाईट त्या गाडीकडे आधी बघा. समजा कार लिटरला १० देते आणि नीट चालवून १२ द्यायला लागली, तर १००० किलोमीटरला १०० ऐवजी ८३ लिटर, वाचले १७. दुसरी एखादी गाडी २० ची २५ झाली तर ५० चे ४०, वाचले १०. ऐकताना २० चे २५ भारी वाटतं पण वाचतं पहिल्यात जास्त. २००८ मध्ये ‘सायन्स’ मासिकात यावर लेख आला होता, लॅरिक आणि सोल यांचा, की लोक हमखास इथे चुकतात. तुमच्या मुलाने विचारलेलं उत्तर पण असंच काढता येईल, कॉफीची किंमत भागिले लिटरचा दर गुणिले ॲव्हरेज. त्यालाच काढायला लावा, गणित पण होईल.


निवांत_सकाळ
@हिशोबी_मांजर मागवण्याचं बरोबर ओळखलंत 😬 ॲपमध्ये जाऊन बघितलं, आकडा इथे लिहीत नाही.

यादीत गाडीची ओळ नाहीये. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला ऑफिसला जाणं ही चैन आहे का? मुद्दा बरोबर आहे हो. पण तो वाटेत मित्राला भेटायला वळसा घालून जातो ते काय मग.


सांजवेळ
मी सकाळपासून हा धागा वाचतेय आणि कुणीच बोलत नाहीये म्हणून मीच बोलते.

ताई, तुमची यादी परत एकदा वाचा. कॉफी तुमची. पार्लर तुमचं. मासिकं तुमची. पोहणं धाकटीचं. ओटीटी आणि जेवण सगळ्यांचं. नवऱ्याचं एकट्याचं असं त्यात काय आहे? तुम्ही स्वतःच केलीत म्हणून त्यात स्वतःला आधी घातलंत, आपल्याकडे बायकांचं असंच होतं, कुणी सांगायची गरजच नसते. आणि ज्या खर्चाने हे सगळं सुरू झालं तो सगळ्यात जास्त ज्याच्या हातून होतो तो मान डोलवत बसला. मी भांडण लावत नाहीये, माणूस चांगलाच असणार, नाहीतर मान तरी कशाला डोलावली असती. पण चेहरे का पडलेत हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

आमच्याकडे हे झालं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी एक नियम घातला, दुसऱ्याची चैन आपण ठरवायची नाही. प्रत्येकाने आपापली ओळ लिहायची, स्वतःची, एकच, आणि एक गोष्ट राखून ठेवायची जिला कुणी बोट लावणार नाही. सासऱ्यांनी स्वतः लिहिलं की संध्याकाळी मित्रांकडे स्कूटरवर जातो ते आता चालत जाईन, आणि राखून ठेवलं काय तर फाउंटन पेनची शाई! आम्ही हसलो, पण ते खरंच रोज संध्याकाळी पेन धुऊन, ब्लॉटिंग पेपरवर टिपून, शाई भरून मग वहीत दिवसाचा खर्च लिहायचे, आणि त्या बाटलीला कितीही महागाई असो कुणी काही बोललं नाही. माझ्या नवऱ्याने आधी लिहिलं ‘काहीच नाही’. दोन दिवस तो कागद तसाच. मग एक दिवस बघते तर ‘काहीच नाही’ खोडून लिहिलेलं, ‘रविवारचा लाँग ड्राइव्ह’. कुणी म्हटलं नव्हतं त्याला.

आणि राखून ठेवलेल्या गोष्टीबद्दल. सगळंच बंद केलं ना की माणूस चोरून करायला लागतो. ऑफिसखालची कॉफी रोज उभ्या-उभ्या, फोन बघत बघत घेत असाल तर तिची आठवण पण राहत नाही, ती गेली तरी चालते. पण आठवड्यात एक दिवस, मैत्रिणीबरोबर, बसून, ती ठेवा. रोजचीच सवय झालेली गोष्ट चैन उरलेलीच नसते, तिचे पैसे जातात आणि मजा पण येत नाही. कापायचं तर तिथे कापा.

धाकटीचं पोहणं मात्र त्या यादीतून काढा. पुढच्या वर्षी ती पाच फूट होईल आणि म्हणेल मला नाही जायचं.


उगाचच
सांजवेळ यांच्या सासऱ्यांना दंडवत. मी माझ्या घरी ‘एकच गोष्ट राखून ठेवा’ म्हटलं तर बायको म्हणेल मी तुला राखून ठेवते, बाकी सगळं तुझं बंद.


जुनं_पान
थोडं मोठं चित्र. अनेकजण ‘जरा थांबा, भाव उतरतील’ असं म्हणतात म्हणून लिहितोय.

कच्च्या तेलाचे भाव असे एकदम उसळणं नवीन नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी पुरवठा रोखला तेव्हा बॅरल साधारण ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ च्या घरात गेलं (बॅरल म्हणजे १५९ लिटर). नेदरलँड्समध्ये ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी खाजगी गाड्या रस्त्यावर आणायलाच बंदी घातली, मग लोक सायकली, रोलर स्केट घेऊन रिकाम्या हायवेवर उतरले, त्याचे फोटो अजून बघायला मिळतात. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लावली, इंधन वाचावं म्हणून. वर चाकावर_चाक यांनी जे ८० आणि १०० चं सांगितलं तेच एका देशाने कायदा करून केलं होतं. (लोक पाळत किती होते हा वेगळा विषय.)

नंतर बघा. जुलै २००८ ला बॅरल १४७ डॉलर, त्याच वर्षी डिसेंबरला ४० च्या खाली. २० एप्रिल २०२० ला अमेरिकन तेलाचा मे महिन्याचा वायदा (पुढच्या महिन्यात माल घ्यायचा आधीच केलेला सौदा) शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला, कारण तेल ठेवायला जागाच नव्हती. आणि २०२२ ला युक्रेन युद्धानंतर परत १०० च्या वर. आता यातून तुमचा घरखर्च काय ठरवणार? कच्चं तेल अर्ध्यावर आलं म्हणून पंपावरचा दर अर्धा होत नाही, कारण त्यात शुद्धीकरण, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन आणि मुख्य म्हणजे कर असतो. आणि चढताना दर झटकन चढतो, उतरताना रेंगाळतो, याला अर्थशास्त्रात रॉकेट आणि पिसं असंच नाव आहे, १९९१ मध्ये रॉबर्ट बेकन यांनी दिलेलं.

त्यामुळे भाव आहेत असेच राहतील असं धरून बसवा सगळं. उतरले तर तो पैसा लगेच कॉफीत घालू नका, पुढच्या चढाला ठेवा. बाकी सांजवेळ म्हणाल्या ते पटलं.


फुंकणी
गॅसचं कुणी लिहिलंच नाही म्हणून थोडक्यात.

पाणी एकदा उकळलं की मोठी आच ठेवून ते जास्त गरम होत नाही, १०० अंशांवरच राहतं, नुसती वाफ जास्त होते. म्हणून उकळी आली की आच बारीक, इतकी की उकळी मोडणार नाही. झाकण ठेवा, प्लीज, हा एकच नियम पाळला तरी बरंच वाचतं. कुकरमध्ये दाबामुळे आत १२० अंशांपर्यंत तापमान जातं म्हणून लवकर शिजतं, शिट्टी यायला लागली की मोठी आच कशाला? ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येत असेल तर तेवढा गॅस तुम्ही खोली तापवायला जाळताय. जे भिजवून शिजवता येतं ते भिजवा. फ्रिजमधून काढून थेट गॅसवर नको, आधी बाहेर काढून ठेवा. आणि ज्योत पिवळी यायला लागली असेल, भांड्यांचं बूड काळं होत असेल तर बर्नर साफ करून घ्या, गॅस नीट जळत नाहीये.

(मला स्वतःला झाकणाची भयंकर ॲलर्जी असलेली एक जाऊबाई आहे, तिला हे पाठवतेय.)


निवांत_सकाळ
किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू!

सांजवेळ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला, मग म्हणाला मासिकं परत चालू कर. मी म्हटलं मासिकं राहू देत, वाचनालयातून आणेन, तू तुझी ओळ लिही. अजून लिहिलेली नाही, पेन घेऊन फिरतोय. धाकटीचं नाव नोंदवलं, पुढच्या महिन्यापासून बॅच आहे. टायरची हवा बघितली, स्कूटरचं मागचं चाक अगदीच बसलेलं निघालं.

मोठ्याने कॉफीचं गणित केलं. उत्तर माझ्या ऑफिसच्या जाऊन-येऊन अंतरापेक्षा जास्त आलं, तो फारच खूश झाला.

आता एक शेवटचं. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं आमच्याच रस्त्यावर राहतात, तिघांनी मिळून एक गाडी करायचं चाललंय. पण पैसे कसे मागायचे? तो म्हणतो कसंतरी वाटतं मित्राकडून घ्यायला. कुणी केलंय का असं?


चाकावर_चाक
तिघांकडे गाडी असेल तर पैशाचा विषयच काढू नका. एक आठवडा याची गाडी, पुढचा आठवडा त्याची. ज्याची गाडी त्याचं पेट्रोल. वळसा कोणाला जास्त पडतो वगैरे किलोमीटर मोजत बसू नका, त्याने मैत्री बिघडते.

एकाचीच गाडी असेल तर पेट्रोल, टोल, पार्किंग तिघांत वाटा, आणि महिन्याच्या एक तारखेला आधीच घ्या, रोजच्या रोज सुटे मागू नका. मेंटेनन्सचं थोडं वर धरायला हरकत नाही. पण खर्चाच्या वर नफा काढून पैसे घ्यायला लागलात तर ते भाड्याने गाडी चालवणं होतं, आणि खाजगी गाडीची विमा पॉलिसी त्याला चालत नाही, अपघात झाला तर क्लेम अडकतो. पॉलिसी एकदा काढून वाचा.

आणि सुरू करायच्या आधी तीन गोष्टी बोलून घ्या: उशीर झाला तर किती वेळ थांबायचं, एसी कितीवर, आणि परत येताना कुणाला थांबावं लागलं तर बाकीच्यांनी काय करायचं. माझ्या गिऱ्हाइकांत एक चांगला चाललेला ग्रुप मोडला, तो पेट्रोलवरून नाही, एक जण रोज खाली येऊन मग परत वर जायचा, चष्मा विसरला म्हणून.


उगाचच
तो चष्मेवाला मीच. आता बसने जातो.